तीन शनिवारांचे पत्र

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. साधीसुधी नव्हे, केस वाळवायची. माझ्या माथ्यावर पत्र्याचे मोठे टोपडे आहे आणि त्यातून गरम वारा यायचा. १९५८ साली शिकागोच्या कारखान्यातून मी निघाले, ती थेट अलाबामातल्या कॅलर्टन गावी, व्हर्लीन टोल्स यांच्या ब्यूटी पार्लरमध्ये आले. माझे लाल रेक्झिन बघून बायका मला राणीची खुर्ची म्हणत. मला ते फार आवडायचे, खोटे कशाला बोलू?

पार्लरमध्ये येणाऱ्या साऱ्या जणी काळ्या. कुणी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची, कुणी त्यांचे कपडे धुवायची. मालकाची मर्जी फिरली की त्यांची नोकरी जायची. व्हर्लीनबाईंना मात्र कामावरून काढील असा मालकच नव्हता. म्हणून त्यांच्या मागच्या खोलीत लिहिण्यावाचण्याचा वर्ग चाले. त्या काळी आमची माणसे मतदार म्हणून नाव नोंदवायला कचेरीत गेली, की लिहितावाचता येत नाही किंवा असेच काहीतरी खुसपट काढून त्यांना परत पाठवत. १९६५ साली मताधिकाराचा कायदा झाला आणि हे थांबले. पुढच्याच वर्षी ओझेला मॅकाडू या धोबीणबाईंनी एकोणसत्तराव्या वर्षी आपल्या हाताने सही करून नाव नोंदवले. त्यानंतर दर निवडणुकीला त्या मक्याच्या शेतापलीकडच्या शाळेत चालत जाऊन मत देत.

१९७४ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. एका शनिवारी क्लॉडी मे नावाची बाई माझ्यात बसली होती. ती काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, एका बड्या साहेबाकडे स्वयंपाकाला होती. आता टोपड्याखाली वाऱ्याचा आवाज इतका, की आत बसलेल्या बाईला स्वतःचे बोलणेही ऐकू येत नाही. आपण शेजारणीच्या कानात कुजबुजतोय असे समजून क्लॉडी मे चक्क ओरडली, "मतदान आता शाळेत नाही, पलीकडे शिकारी क्लबात ठेवणार आहेत. कुणाला सांगू नकोस हं, माझी नोकरी जाईल."

पार्लरमधल्या अकरा बायकांनी ते ऐकले. सगळ्या जणी एकदम आपापली नखे बघू लागल्या. बातमी कुणी दिली, हे त्यानंतर कुणी तोंडातून काढले नाही.

गोऱ्यांचा तो शिकारी क्लब चौदा मैलांवर, नदीपार. तिकडे बस जात नव्हती. ओझेलाबाई हळूच म्हणाल्या, "वीस वर्षं त्या क्लबाच्या चादरी धुतल्या मी. एकदाही पुढच्या दारानं आत घेतलं नाही मला. आणि आता जायचं म्हटलं तरी जाऊ कशी? संपलं म्हणायचं माझं मत."

"संपलं कसं, मिस ओझेला?" व्हर्लीनबाईंनी मॉन्टगोमेरी शहरातल्या वकिलांना फोन लावला. तिकडून कळले ते असे. १९६५ च्या त्याच कायद्यात लिहिले होते, की आमच्याकडे मतदानाबाबत काहीही बदलायचे तर आधी वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारची परवानगी काढायची. काउंटीने तसा अर्ज पाठवलाही होता, आणि त्यात 'कुणाचीही हरकत नाही' असे ठोकून दिले होते. वॉशिंग्टनला साठ दिवसांत काय ते ठरवायचे होते. त्यातले वीस सरले होते.

व्हर्लीनबाईंनी घरातला लांबट लाकडी पाट आणला आणि माझ्या दोन्ही हातांवर आडवा ठेवला. "केस वाळेपर्यंत कुठं जाणार आहात? लिहा," त्या म्हणाल्या. माझ्यात बसून बायका वॉशिंग्टनला हरकतीची पत्रे लिहू लागल्या. मला तर धन्य वाटत होते.

ओझेलाबाई मात्र पेन हातात धरून नुसत्या बसून राहिल्या.

"तुम्ही सांगा, मी लिहिते," व्हर्लीनबाई म्हणाल्या. "तुम्ही फक्त सही करा."

"नको. माझं मत जातंय, तर मीच लिहीन. पण माझं कोंबड्याच्या पायाचं अक्षर बघून ते हसतील गं."

"हसू देत. हसायला तरी वाचावं लागेल ना?"

मग त्यांनी तीन शनिवार घेतले. केस कधीचे वाळून कडकडीत झालेले, तरी बाई उठायच्या नाहीत. रांगेतली एक चिडून म्हणाली, "मिस ओझेला, पत्र लिहिताय की बायबल?" त्यांनी मानही वर केली नाही. एक शब्द चुकला की त्या कागद फाडत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. शेवटी पत्र झाले ते एवढेच:

"मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे. शाळा माझ्या ओट्यावरून दिसते. मी तिथे चालत जाते. क्लबापर्यंत मला चालवत नाही. माझी हरकत आहे. मला कुणीही विचारले नव्हते."

एप्रिलमध्ये वॉशिंग्टनचे उत्तर आले. व्हर्लीनबाईंनी ते उभ्याने वाचले. मतदानाची जागा हलवायला परवानगी नाकारली होती. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. ओझेलाबाई म्हणाल्या, "परत वाच." व्हर्लीनबाईंनी परत वाचले.

मतदानाच्या दिवशी ओझेलाबाई सकाळी सहालाच पार्लरच्या दारात उभ्या होत्या. केस करून घेतले, निळी टोपी घातली आणि शाळेकडे निघाल्या. दुपारी परत येऊन माझ्यात बसल्या. "रांग मोठी होती," त्या म्हणाल्या. "कुणी खुर्ची देत होतं. मी म्हटलं नको, मी उभी राहीन." एवढे बोलून त्यांना तिथेच झोप लागली, आणि त्या दिवशी माझ्यात दुसरे कुणी बसले नाही.

पुढे अकरा वर्षे त्यांनी त्याच शाळेत मत दिले. आता व्हर्लीनबाईही नाहीत. माझी मोटर जळाली आहे. व्हर्लीनबाईंच्या नातीने मला पार्लरच्या खिडकीशी ठेवले आहे, तिथे ऊन येते आणि मी सुखात आहे. एकच हळहळ आहे. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आधी परवानगी काढायची ती सक्ती निघून गेली. आता जागा हलली, तर लोकांना ती हलल्यावरच कळते.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरच्यांचे मतदान कुठे असते ते एकदा जाऊन बघून या. ते कुणी गुपचूप हलवलेले दिसले, तर अक्षर वाईट आहे म्हणून गप्प बसू नका. लिहायला जागा नसेल तर माझ्याकडे या. केस वाळणार नाहीत, पण पाट अजून आहे, आणि तुमचे पत्र होईपर्यंत मी कुणालाही घाई करू देणार नाही.