भुऱ्याचं खरं वय

गुंजवण्याच्या ठकुबाईला खोटं बोलता येत नव्हतं. हा तिचा गुण की खोड, हे गावाला कधी ठरवता आलं नाही. शेजारच्या गावात पिसाळलेलं कुत्रं चौघांना चावलं, तेव्हा पंचांनी ठराव केला, दहा वर्षांपुढची कुत्री गोळी घालून संपवायची. म्हातारं कुत्रं लवकर पिसाळतं, असं कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. भोरचा कारकून श्रीपाद यादी लिहायला बसला. मग काय विचारता! तोंडात दात नसलेली कुत्रीही एका दिवसात चार-पाच वर्षांची झाली. एकट्या ठकुबाईनं सांगितलं, "आमचा भुऱ्या बारा वर्सांचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी घेऊन श्रीपाद आणि बंदूक घेऊन कोंडिबा शिकारी तिच्या अंगणात हजर. मागं निम्मं गाव. भुऱ्या ओट्यावर उन्हाला पडला होता. माणसं दिसली तशी त्यानं आपली शेपूट हलवली.

ठकुबाई दारात येऊन उभी राहिली. ती तिथून हलली नाही.

श्रीपाद तसा भला माणूस. म्हणाला, "आजी, वाईट वाटून घेऊ नका. गुरांचे डॉक्टर सांगतात, कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात. म्हणजे ह्याला चौऱ्याऐंशी झाली. पुष्कळ जगला की तो."

"किती म्हनलासा?"

"चौऱ्याऐंशी."

ठकुबाई भुऱ्याकडे बघतच राहिली. ती स्वतः सत्तरीची. हा जन्मला तेव्हा ओंजळीत मावत होता, तिनं बोटानं दूध चाटवून वाढवला. मग तरणा झाला, भातात शिरलेली डुकरं ओढ्यापार पळवू लागला. आणि मग दोघांचे डोळे एकाच साली पांढुरले, दोघांचे गुडघे एकाच थंडीत गेले. तिला वाटायचं, आपण बरोबरीनं म्हातारे होतोय. मेल्या, मला मागं टाकून गेलास व्हय! तिला त्याची माया आली आणि समोरच्यांचा संताप आला.

"श्रीपादराव, मागल्या साली तुमच्या आजोबांचं सहस्रचंद्र केलंत. म्या आंबेमोहर घिऊन आले हुते. काय वय हुतं त्यांचं?"

"एक्क्याऐंशी."

"दात हुते?"

"नव्हते."

"ऐकू येत हुतं?"

"नाही हो."

"मग त्यास्नी पाटावर बसवून ओवाळलंत, का बंदूक आनलीत?"

लोक खो खो हसले. श्रीपादचे कान लाल झाले. "काहीतरीच काय आजी! माणसाची आणि कुत्र्याची बरोबरी करता?"

"म्या कुठं केली? सातानं गुनलं कुनी? तुमीच! रतन, ताट आन गं."

सून रतनबाई घुटमळली, पण सासूचा चेहरा बघून निरांजन लावून ताट घेऊन आली. भर अंगणात, बंदुकीसमोर, ठकुबाईनं भुऱ्याला कुंकू लावलं आणि ओवाळलं. भुऱ्यानं ताटातले तांदूळ हुंगले आणि तो शिंकला.

श्रीपादनं घाम पुसला. पुढं वाकून हळूच म्हणाला, "आजी, मी बाराचे पाच करतो. तुम्ही नुसतं हो म्हणा. सगळ्यांची पाच-सहाच आहेत. ह्या कोंडिबाचंसुद्धा पाचच."

ठकुबाईनं कोंडिबाकडे पाहिलं. त्याचा कुत्रा भुऱ्याच्याच आईचा, त्याच दिवशी जन्मलेला. तिनंच तो कोंडिबाच्या उपरण्यात घातला होता. कोंडिबानं मान खाली घातली. एक शब्द बोलली असती तर त्याचाही कुत्रा गेला असता. तिनं तो शब्द गिळला.

"दुसऱ्यांचं मला इचारू नगा. माझ्याचं बारा म्हंजी बारा. त्यातली सात पुसायची, तर कंची पुसू? डुक्कर माझ्या अंगावर आलं आन ह्यानं सोताची मांडी फाडून घेतली, ते साल पुसू? त्यानं एकेक जगून काढल्यात. त्यातला एक दिस म्या सोडायची न्हाई. मारायचाच आसंल तर चौऱ्याऐंशी वर्सांच्या म्हाताऱ्याला मारतोय आसं मोठ्यांदा म्हना, आन मारा!"

ती भुऱ्याच्या शेजारी बसली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं. कोंडिबाची बंदूक वर होईना.

शेवटी कोंडिबा खाकरला. "श्रीपादराव, माझ्या कुत्र्याचं खोडा. बारा लिवा. ह्याचा सख्खा भाऊ हाय त्यो."

"अरे, मग त्यालाही गोळी घालावी लागेल!"

"घालनार कोन?" म्हणत कोंडिबानं काडतूस काढून खिशात टाकलं.

मागून साळूबाई ओरडली, "आमचं तेरा लिवा!" गेनू म्हणाला, "माझं अकरा." मग एकच गलका झाला. श्रीपाद टाक हातात धरून नुसता बघत राहिला.

"लिवा, श्रीपादराव, आता खरं खरं लिवा," ठकुबाई भुऱ्याच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली. "आन जाताना आमच्या ह्या थोरल्याच्या पाया पडून जावा."