तुमच्याकडे उतरणार नाही

सिरसाळ्याच्या पेठेत गुंडप्पाचं किराणा दुकान होतं. चहापत्तीपासून चुलीच्या फुंकणीपर्यंत सगळं तिथे मिळायचं. अलीकडे तर दारात शाम्पूच्या पुड्यांच्या माळाही लोंबायला लागल्या होत्या. मिळत नव्हता तो एकच शब्द, 'नाही'. गुंडप्पाने तो उभ्या आयुष्यात कुणाला उच्चारून दाखवला नव्हता. सोयरे आले, राहा. गावातली लग्नं आली, घ्या आमचा वाडगा-परात. कुणाची म्हातारी दवाखान्यात पडली, डबा आमच्याकडून. गावभर त्याला आप्पा म्हणत आणि भला माणूस म्हणत. त्या भलेपणाच्या भाकऱ्या कोण थापतं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. आप्पानेही विचारलं नव्हतं.

भाकऱ्या शिवकांता थापत होती. चोवीस वर्षं.

वैशाखात त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, रुद्राणीचं लग्न झालं. मग आषाढापर्यंत पाहुणे, मग श्रावणाची जेवणं, मग जावयाची पहिली दिवाळी. दिवाळी सरली, लेक-जावई गेले, आणि शहाण्णव सालच्या नोव्हेंबरात एका संध्याकाळी घरात दोघंच उरली. शिवकांता ताटात तूर निवडत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली,

"मला दोन दिवस कुठंतरी मोठ्या शहरात न्या. जिथं मला कुनी वळखत न्हाई. आपन दोघंच."

गुंडप्पाला वाटलं, हिची तब्येत बिघडली.

"कावून? बरं वाटंना का?"

"चांगली हाय मी. लग्न झाल्यापासून दोघंच कुठं गेलतो का, ते सांगा."

त्याने आठवून पाहिलं. सोलापूरला गेले होते, पण मेव्हण्याच्या लग्नाला, अकरा माणसं घेऊन. कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला दर वर्षी जात, ट्रकभर माणसांत. पुण्यालाही गेले होते. तिथे आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि शिवकांताने अठरा दिवस दवाखान्याचा डबा केला होता. पुण्यात आपण काय पाहिलं हे आठवायला गेल्यावर गुंडप्पाला आत्याच्या घरचा ओटा तेवढा आठवला, आणि तोही तिच्या पाठीमागून पाहिलेला. गावं बदलली होती, चूल तीच राहिली होती. त्याचं त्यालाच कसंतरी झालं. बायकोने चोवीस वर्षांत मागितलेली ही पहिली गोष्ट आहे आणि ती द्यायचीच, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं.

आता शहर कोणतं, हा प्रश्न आला. तुम्हा-आम्हाला वाटेल, त्यात काय एवढं. पण गुंडप्पासारख्या माणसाला ओळख नसलेलं शहर शोधणं म्हणजे भाताच्या ढिगात हरवलेला तांदूळ शोधण्यापैकी होतं. पुण्यात आत्या. औरंगाबादला नवे व्याही, तिथे तर पाय ठेवायची सोय नाही. सोलापुरात निम्मं शहर नात्याचं. मुंबईला पुतण्या, एका खोलीत सहा जणं, पण सातवा-आठवा आला नाही तर रुसणारा. नागपुरात कुणी नव्हतं, पण नागपूर गाठण्यातच एक दिवस जायचा. राहता राहिलं हैदराबाद. तिथे गुंडप्पाचा मामेभाऊ अमरनाथ होता, लोखंडाच्या दुकानात मुनीम. पण एवढ्या मोठ्या शहरात नात्याचं घर एकच, म्हणजे जवळजवळ नसल्यासारखंच, असा हिशेब गुंडप्पाने केला. शिवाय परळीहून सरळ गाडी होती.

शनिवारी सकाळी निघायचं, संध्याकाळी पोचायचं, रविवार सगळा आपला आणि रविवारी रात्री परतीची गाडी. शेजारच्या रहीमला त्याने हे सांगितलं. रहीमचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि गेल्या वर्षी त्याने त्याच्या अर्ध्या भागात प्लायवूड ठोकून एसटीडी बूथ काढला होता. रहीमची सासुरवाडी हैदराबादची. त्याने नामपल्ली स्टेशनसमोरच्या एका स्वच्छ लॉजचा पत्ता दिला, लिंगपूजेला पाणी-बिणी सगळं मिळेल अशी खात्री दिली आणि वर बजावलं, "आप्पा, हे कुनाला बोलू नका. नातेवाईकाला तर बिल्कुल न्हाई."

शिवकांता त्या आठवड्यात चालायला लागली ती वेगळीच. तिने रुद्राणीच्या लग्नात आलेली एक मोरपिशी साडी काढली, घडी न मोडलेली, आणि बॅगेत सगळ्यांत वर ठेवली. बॅग आठ दिवस आधीच भरून झाली होती. येता-जाता ती चेन उघडून आत बघायची. गुंडप्पा ते पाहायचा आणि दुकानात जाऊन उगाचच गिऱ्हाइकांना वजनावर चार दाणे जास्त टाकायचा.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण चोवीस वर्षांचा भलेपणा असा एका आठवड्यात सुटत नाही. गुंडप्पाच्या मनात एक किडा वळवळायला लागला. समजा, चारमिनारपाशी अमरनाथने आपल्याला पाहिलं तर? सिरसाळ्यात माणूस घराबाहेर पडला की तो चार जणांना दिसतोच, तेव्हा हैदराबादेतही तसंच असणार, अशी त्याची प्रामाणिक समजूत. भावाचं घर गावात असताना लॉजवर उतरलो हे कळलं, तर तोंड कुठे लपवायचं? न सांगता जाणं हा दगा. मग सांगून जावं. सांगितलं म्हणजे दगा राहत नाही.

आणि या गृहस्थाने पोस्टकार्ड घेतलं, वर 'श्री मन्मथ प्रसन्न' घातलं आणि लिहिलं: 'आम्ही उभयता येत्या शनिवारी हैदराबादला येत आहोत. तुमच्याकडे उतरणार नाही. लॉजवर उतरू. आपण कसलीही तसदी घेऊ नये. स्टेशनवर येऊ नये. कळावे.' गाडीची वेळही लिहिली, कारण वेळ न लिहिता पत्र पाठवायची त्याला सवय नव्हती.

असं पत्र आपल्याकडे कुणाला गेलं तर त्याचा अर्थ एकच होतो. पाहुणा मान मागतोय, आपलं बोलावणं कमी पडलंय.

पाचव्या दिवशी रहीमने हाक मारली. अमरनाथचा फोन होता. तो फोनवर आधी भांडला, मग रडवेला झाला, मग हसायला लागला. दादा, तुम्ही एवढे मोठे झालात का, वहिनींना लॉजवर ठेवता का, लोक मला काय म्हणतील, असं सगळं म्हणून झाल्यावर त्याने खरी बातमी दिली. त्याच्या लेकीचं डोहाळेजेवण पुढच्या महिन्यात होतं. दादा-वहिनी येतायत म्हटल्यावर त्याने ते ओढून याच रविवारी घेतलं होतं. चाळीसेक पान होईल. पुरणपोळी वहिनींच्याच हातची, असं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. स्टेशनवर जीप येणार होती.

गुंडप्पा तीन वेळा 'बरं' म्हणाला आणि बूथमधून बाहेर आला. रहीमने त्याच्या तोंडाकडे पाहून पाना खाली ठेवला आणि विचारलं, पत्र धाडलं ना. गुंडप्पाने मान हलवली. रहीमने दोन्ही हात कानांना लावले आणि पुन्हा सायकलकडे वळला.

घरी सांगणं भाग होतं. गुंडप्पाने ते जेवताना, ताटाकडे पाहत सांगितलं. शिवकांताने ऐकून घेतलं. ती चिडेल, बोलेल, भांडं तरी आपटेल, असं त्याला वाटत होतं; त्याची त्याने तयारीही केली होती. ती म्हणाली, "बरं झालं. लेकीचं डोहाळेजेवन हाय, जायलाच पायजे." आणि त्याला आणखी भाकरी वाढली.

राग आलाय का, असं त्याने विचारलं. त्यावर ती म्हणाली, राग कशाचा, माणसं बोलावतात ती चांगलीच म्हणायची. तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं गुंडप्पाला वाटलं, कारण राग काढता येतो. ती फक्त परत रोजच्यासारखी झाली होती.

शुक्रवारी बाजार होता. दुपारी दुकानात गर्दी झाली म्हणून शिवकांता त्याच्या मदतीला आली. गुंडप्पा सुतळीचं बंडल आणायला मागे घरात गेला. जाता जाता बॅगेला पाय लागला आणि तिची चेन उघडी होती म्हणून त्याला आतलं दिसलं. मोरपिशी साडी नव्हती. तिच्या जागी दोन सुती लुगडी होती, घरात नेसायची, पदराला हळदीचे डाग पडलेली. पोळ्या करताना नेसायला.

साडी परत कपाटात गेली होती, घडी न मोडलेली.

गुंडप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि स्वतःचा इतका संताप आला की सुतळी न घेताच तो तडक दुकानातून बाहेर पडला, गल्ल्यासमोरच्या गिऱ्हाइकांमधून वाट काढत रहीमच्या बूथमध्ये शिरला आणि म्हणाला, "हैदराबाद लाव, अमरनाथच्या घरी."

बूथ आणि दुकान यांच्यामध्ये एक पातळ प्लायवूड होतं. त्यातून एरवीही सगळं ऐकू यायचं. त्यात बाजाराचा दिवस, दारात माणसांची रीघ, आणि लाइन अशी खराब की समुद्रापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं ओरडायला लागत होतं.

"अमरनाथ, मी गुंडप्पा. आमी तुज्याकडं उतरनार न्हाई."

पलीकडून काय म्हणालात, असा आवाज आला.

"उतरनार न्हाई म्हनलो. स्टेशनवर येऊ नको. डोहाळेजेवनाला आमाला धरू नको."

अमरनाथला 'डोहाळेजेवण' एवढंच ऐकू गेलं. तो खुशीत येऊन पोळ्यांचं पुरण किती टाकायचं ते विचारायला लागला. गुंडप्पाने रिसीव्हर तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि छातीत होता तेवढा सगळा दम लावून बोलला,

"माज्या बायकोला तिथं पोळ्या करायच्या न्हाईत. तिला माज्यासंगं दोन दिवस ऱ्हायचंय. दोघंच. आन मलाबी तिच्यासंगंच ऱ्हायचंय."

कोथिंबीरवाली, बांगड्यांचा म्हाळू, घासलेटच्या रांगेतली माणसं, सगळी बूथकडे बघत होती. पन्नाशीला आलेल्या आप्पाने भर पेठेत, भर दुपारी बायकोचं असं बोलावं, हे सिरसाळ्यात आजवर झालं नव्हतं. दुकानात शिवकांता एका म्हातारीला पाव किलो साखर जोखत होती. तिचा हात चालूच राहिला आणि पारडं खाली जाऊन टेकलं तरी ती ओततच होती. म्हातारी शहाणी, तिने पिशवी तशीच पुढे धरली.

पलीकडून नुसती खरखर येत होती. अमरनाथ दुखावला असणार, चाळीस माणसांपुढे त्याची मान खाली जाणार, हे गुंडप्पाला कळत होतं आणि त्याचं त्याला वाईटही वाटत होतं. पण शब्द परत घ्यावासा वाटत नव्हता. मग फोनवर बाईमाणसाचा आवाज आला. अमरनाथची बायको रोहिणी होती. तिने नवऱ्याच्या हातून रिसीव्हर काढून घेतला होता.

"भावजी, खुशाल या," ती म्हणाली. "कुनी येनार न्हाई स्टेशनवर. ह्यांना मी बघते. आन जमलं तर ह्यांनाबी सांगा एकदा, बायकोला असं कुठं न्यायचं असतं म्हनून."

गुंडप्पा बाहेर आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. गुंडप्पा खाली मान घालून दुकानात गेला. शिवकांताने त्याच्याकडे पाहिलं नाही. पुढच्या गिऱ्हाइकाचं सामान बांधता बांधता ती हळूच म्हणाली, "हे घरात सांगितलं असतं तरी मला ऐकू आलं असतं."

शनिवारी दुकानावर त्याने पाटी लावली, दोन दिवस बंद. गावात नवीन आलेल्या एकाने विचारलं की आप्पांच्या घरी कोण गेलं. रहीमने सांगितलं, आप्पाच गेले, वहिनींना घेऊन.

नामपल्लीला उतरले तेव्हा फलाटावर त्यांना न्यायला कुणी आलं नव्हतं. शिवकांता हातात बॅग घेऊन नुसती उभी राहिली. शेकडो माणसं तिच्या अंगावरून गेली आणि त्यांतल्या एकानेही तिला काकू, वहिनी, आक्का म्हटलं नाही. ती हसली. रात्री एका हॉटेलात तिने इडली मागवली, आणि दुसऱ्याने करून आणलेलं गरम ताट समोर आल्यावर जरा वेळ त्याच्याकडे बघत बसली.

सकाळी गुंडप्पा रोजच्यासारखा उठला. अंघोळ केली, कोपऱ्यात बसून लिंगपूजा केली, आणि वळला तर शिवकांता अजून झोपलेली होती. तो चरकला. जवळ जाऊन पाहिलं, श्वास शांत चालला होता. एक हात उशाखाली, तोंड जरासं उघडं.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की आपण हिला झोपलेली कधी पाहिलीच नाही. ती रोज त्याच्यानंतर झोपली होती आणि त्याच्याआधी उठली होती. चोवीस वर्षं एका छताखाली काढली आणि झोपेत ही बाई कशी दिसते हे त्याला ठाऊक नव्हतं. झोपेत ती रुद्राणीसारखी दिसत होती. तो खुर्ची ओढायला गेला, आवाज होईल म्हणून थांबला आणि खालीच फरशीवर भिंतीला टेकून बसला. भूक लागली होती, चहाची तल्लफ आली होती, पण तो उठला नाही. खिडकीतलं ऊन पलंगाच्या पायापाशी आलं, मग चादरीवर चढलं. खाली रस्त्यावर रिक्षांचा गोंगाट सुरू झाला.

शिवकांता एकदम दचकून अर्धवट उठली. तिचा हात आधी केसांकडे गेला.

"आगं बाई, किती वाजले?"

गुंडप्पाने मनगट पालथं केलं. सव्वानऊ वाजले होते.

"आजून सहाबी न्हाई वाजले," तो म्हणाला. "झोप."

तिने कूस बदलली आणि पुन्हा झोपली.