मशाइलचा गंधार

चांदीची डबी, झाकणावर गुलाब कोरलेला, आणि आत वेलदोडे, खडीसाखरेचे खडे… बाईंनी ती टेबलावर, थेट त्याच्या कागदांवरच ठेवली आणि डॉ. सुबोधला हसू आले. म्हणजे इथेही हीच थेरं. मिरजेतल्या प्रत्येक होतकरू गवयाच्या खिशात अशी डबी असायची आणि गळ्यात काही नसायचे. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. या सोनुबाईचे नाव मशाइल होते आणि सौदीतल्या या ताइफ शहराच्या अर्ध्या भिंतींवर तिचा चेहरा चिकटवलेला होता.

गुरुवारी तिचा कार्यक्रम होता आणि आवाज बसला होता. आयोजकांना घशाच्या डॉक्टरचा कागद हवा होता — गाऊ शकते की नाही, एवढेच — आणि ते उत्तर सुबोधने, खरे सांगायचे तर, सकाळी दाढी करतानाच ठरवून टाकले होते. सहा आठवडे मौन. कुणाला औषध लिहून देताना इतका आनंद त्याला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

सिस्टर खैरुन्निसा राजापूरकडची. अरबी पेशंटचे बोलणे तीच त्याला मराठीत करून सांगे. नाकातून घालायची दुर्बिणीची नळी पुसता पुसता तिने बाईंचे चरित्रच सांगून टाकले.

"हिची आवस, आई हिची, लग्नात डफ वाजवायची डॉक्टर, नुसत्या बायकांत. ही तिथंच शिकली. पहिल्या कॅसेटवर तोंड पण नव्हतं हिचं, गुलाबाचं चित्र होतं. वीस वर्षं भिंतीआड गायली. आता गुरुवारी पहिल्यांदा आपल्या गावात उघड्यावर गाणार. आवस पुढं बसायची आहे."

डफ! — आणि आपण चौदा वर्षे तंबोऱ्याशी डोके आपटले, मिरजेच्या बुवांनी नुसत्या गंधारासाठी आठ महिने झिजवले, "सुबोध, स्वर म्हणजे देवघरातली जागा, तिथे पाय घसरता कामा नये"… आणि मग एम.एस.ला प्रवेश मिळाला म्हणून गाणे सोडले, निदान तो सगळ्यांना तसे सांगे… आणि ही, लग्नातल्या वाजंत्रीची पोर, भर स्टेडियममध्ये गाणार. इथल्या मराठी मंडळींच्या दिवाळीत त्याचा हा ठरलेला विषय होता. मोबाइलवर मशाइलचे गाणे लावायचे, एका जागी थांबवायचे आणि म्हणायचे, ऐका, हा गंधार धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. बाईंना गंधारच नाही. मंडळी हसत. त्याची लेक सुखदा उठून आत जाई. "यू डोन्ट इव्हन अंडरस्टँड इट, बाबा." बारावीतल्या मुलीने शिकवावे म्हणजे कलियुगच.

नळी आत गेली. पडद्यावर स्वरतंतू दिसले. लालसर, थोडे सुजलेले, कडेला गाठीची नुसती सुरुवात. एखादा डॉक्टर नको म्हणाला असता, एखादा म्हणाला असता, गा, पण कमी गा. सुबोधला जरा वाईट वाटले. त्याला स्वच्छ काही हवे होते.

"गायला सांग. हळू, एखादी ओळ."

ती गायली. षड्ज, रिषभ, आणि… तोच गंधार. पडलेला. सूज, त्याने ठरवले. "पुन्हा." ती पुन्हा गायली आणि स्वर पुन्हा तिथेच, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. सुजलेल्या तंतूंवर घसरलेला स्वर दोनदा एकाच जागी पडत नाही, हे कुठल्याही घशाच्या डॉक्टरला कळते. त्यालाही कळत होते.

"थोडा वर घ्यायला सांग."

खैरुन्निसाने सांगितले. बाईंनी नाकातल्या नळीसकट त्याच्याकडे पाहिले आणि शुद्ध गंधार लावला, बुवांनी मान डोलावली असती असा. मग सावकाश कोमल. मग त्या दोघांच्या मधली ती जागा, जिथे त्याच्या मते काहीच नव्हते, तिथे त्या थांबल्या, फुटक्या आवाजात, न हलता. मग अरबीत काहीतरी म्हणाल्या.

"विचारतायत," खैरुन्निसा म्हणाली, "डॉक्टरला ह्यातला कुठला हवा?"

चेष्टा नव्हती त्यात. शिंप्याने कापडाचा रंग विचारावा तसे विचारले होते; त्यांच्या गाण्यात तिन्ही गंधारांना जागा होती. सुबोधने नळी काढली आणि हात धुवायला गेला, जरा जास्तच वेळ. किती दिवाळ्या? नऊ. नऊ वर्षे मी माझ्या कानाचे अडाणीपण चार लोकांत फराळाबरोबर वाढत होतो आणि मंडळी ते खात होती… तिरस्कार तर अजून तसाच होता, शिगोशीग. फक्त तो ठेवायला बाहेर कुणी उरले नव्हते.

तो परत येऊन बसला. बाई पदर सावरावा तशी अबाया सावरून वाट पाहत होत्या. त्यांना फक्त हो की नाही हवे होते.

"काय लिहू, डॉक्टर?" खैरुन्निसाने विचारले.

सूज खरी होती. नको म्हणणे चूक ठरले नसते. पण नको म्हणणारा तो डॉक्टर, की सकाळी दाढी करणारा माणूस? आणि हो म्हटले तर ते तिच्या घशासाठी, की आताच्या या शरमेसाठी? एरवी पडदा पाहिला की त्याला उत्तर दिसायचे. त्याने पुन्हा पडद्यावर थांबवून ठेवलेल्या चित्राकडे पाहिले. तिथे दोन लालसर कडा होत्या, तिच्या, आणि त्यांच्याबद्दल आपल्याला काही कळते, असे त्याला आता वाटेना.

"थांब जरा," तो म्हणाला. "त्यांना म्हणावं, अजून एकदा गा."