न मोडलेले पूल

मित्रांनो, मी पूल मोडणारी एक जुनी लोखंडी चौकट आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळ माझी जागा. नवी मुले बारीक लाकडी पट्ट्या चिकटवून हातभर लांबीचा पूल करत आणि माझ्या दोन खांबांवर ठेवत. पुलाच्या मध्यावर डबा ठेवून त्यात वाळू ओतली जाई. पूल हळूहळू वाके आणि शेवटी काडकन मोडे.

"पुलाला ताप आलाय रे, बघ कसा थरथरतोय!" अशी चेष्टा चाले. मग शिकवणाऱ्या बाई म्हणत, "हसून झालं? आता तुकडे गोळा करा. आधी कुठला सांधा सुटला ते शोधा."

मला बाईंनीच घडवले होते. माझे खांब त्यांनी स्वतः कानशीने घासले होते. पहिला पूल का मोडला हे कळल्याशिवाय दुसरा करायचा नाही, हा त्यांचा नेम. तो दुसरा पूल जास्त वाळू पेले, तेव्हा मुलांबरोबर मीही सुखावे.

एके वर्षी कळले, की हा अभ्यासक्रम किती उपयोगी आहे हे तपासायला समिती येणार आणि पहिल्याच पुलांची चाचणी पाहणार. थोड्याशा वाळूनेच सगळे पूल मोडले तर अभ्यासक्रम बंद होईल, या धास्तीने बाईंनी माझ्या खांबांमध्ये एक ठोकळा बसवला आणि पुढून काळा पुठ्ठा लावला. पूल जरा वाकला, की ठोकळ्यावर टेके. ज्या हातांनी मला घडवले, त्याच हातांनी माझा केसाने गळा कापला.

समितीसमोर एकही पूल मोडला नाही.

"वा बाई! पोरं पहिल्याच फटक्यात शिकतात की," अध्यक्ष म्हणाले. "मग दुसऱ्या पुलाचे तास हवेत कशाला?"

बाईंचा चेहरा उतरला. पण आता खरे सांगायची सोय उरली नव्हती. अभ्यासक्रम वाचला, दुसरा पूल गेला.

ठोकळा अजून तिथेच आहे. परवा एक मुलगी पूल घेऊन आली. मधल्या सांध्याचा डिंक ओलाच होता. वाळू पडताच सांधा सुटला, पूल ठोकळ्यावर निवांत टेकला.

"बाई, टिकला माझा पूल!" ती हरखून ओरडली. बाई खिडकी लावायला वळल्या.

मित्रांनो, तुम्ही माझ्याकडे याल, तेव्हा आधी खाली वाकून पुठ्ठ्यामागे बघा आणि तो ठोकळा काढून टाका. मी तुमचा पूल मोडीन. पण तो कुठे कच्चा होता, हेही मीच तुम्हाला दाखवीन.