मुकादमाचा उपास

मुंगसाचं नाव मुकादम ठेवायला माणूस अँड्र्यूसारखा वात्रटच लागतो. ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम कसा, पाचट उचकून बघतो, मोळ्या हलवून बघतो, कुणाच्या डब्यात काय आहे तेही डोकावून बघतो. तसं ते वीतभर जनावर घरात आल्या दिवसापासून चुलीमागं, ट्रंकेखाली, बापाच्या बुटात, दिसेल तिथं नाक खुपसत फिरायला लागलं. "आय, मुकादम आला बघ तपासायला," अँड्र्यू म्हणाला आणि नाव पडलं ते पडलंच.

ते सापडलं नाताळाच्या आधी, देवळाली प्रवराच्या शिवारात. अँड्र्यू नागापूरच्या एमआयडीसीत लेथवर कामाला. दर शनिवारी मोटारसायकलवर घरी यायचा. त्या शनिवारी तोडणीसाठी कुणीतरी उसाचा फड पेटवला होता आणि बांधावर तीन पिल्लं पडली होती. दोन गेलेली, एक धुगधुगी धरून. पठ्ठ्यानं ते स्वेटरच्या आत छातीशी घेऊन घरी आणलं. त्याची आई एलिझाबेथ दारातच कडाडली, "घरात काय सर्कस काढायची हाय व्हय रं?" पण रात्री तिनंच दुधात भाकरी कुस्करली आणि बोटानं चाटवली. वाटी कुठली, तर अँड्र्यूच्या बाप्तिस्म्याला त्याच्या मामानं दिलेली, नाव कोरलेली स्टीलची वाटी. घरातली जपून ठेवलेली वस्तू, पण लेकानं मागितली म्हटल्यावर बाई विरघळली.

जानेवारीत अँड्र्यू गेला. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी होती, मागं ना दिवा ना लाल कपडा. आणखी काय सांगायचं? साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन असलेल्या कृपादाननं, म्हणजे त्याच्या बापानं, जन्मभर असल्या ट्रॉल्या मोजून आत सोडल्या होत्या. त्यातलीच एक आपल्या पोराच्या आडवी यावी, हे त्याच्या मनातून काही केल्या जाईना.

एलिझाबेथच्या मनात मात्र दुसराच काटा होता. पोरगं रस्त्यावर गेलं. फादरांच्या हातचं शेवटचं तेल त्याच्या कपाळाला लागलं नाही. पापं कबूल करायला सवड मिळाली नाही. नाताळच्या मिस्सालाही, देवळातल्या मोठ्या प्रार्थनेलाही, गडी झोपून राहिला होता. "माजं लेकरू तिकडं अडकलं असंल हो," ती म्हणायची. तिकडं म्हणजे कुठं, ते कृपादान विचारत नसे. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन ती देवळातून घरी आली आणि उंबऱ्यातच उभं राहून म्हणाली, "ईस्टरपर्यंत ह्या घरात मांस न्हाई, मासळी न्हाई, अंडंसुदिक न्हाई. घरातल्या एकाबी जिवाच्या तोंडात जानार न्हाई. अँड्र्यूसाठी. त्याची सुटका हुईल."

कृपादाननं मान हलवली. उपवासकाळ तसाही ते पाळतच. चाळीस दिवस काय, म्हणता म्हणता निघून जातील. घरातल्या जिवांत मुकादमही येतो, हे त्या वेळी दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

आठवड्याभरात मुकादम मागचे पाय ओढायला लागला. पुढचे पाय चालत आणि मागचं धड फरशीवरून घसटत यायचं. ट्रंकेखाली शिरला की त्याला बाहेर निघता येईना. कृपादाननं त्याला पिशवीत घालून गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मणक्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "काय घालता ह्याला?"

"दूध-भाकर. लई आवडीनं खातो."

"अहो, हे काय वासरू आहे का?" डॉक्टर भडकले. "हा उंदीर-सरडे हाडांसकट खाणारा प्राणी. दूध-भाकरीवर ह्याची हाडं मेणासारखी झालीत. ह्याला कच्चं मांस पाहिजे. पण एकदम घालू नका, ह्याला ते अन्न आहे हेच माहीत नाही. आधी भाकरीत चिमूटभर काळीज कुस्करा. रोज मांस वाढवा, भाकरी कमी करा. मग बारीक ठेचलेलं हाड, मग कोंबडीची आख्खी मान. आणि आजपासून सुरू करा, उद्यावर ढकलू नका."

घरी येऊन कृपादाननं सगळं जसंच्या तसं सांगितलं. एलिझाबेथ भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"ईस्टर झाला की घालू."

"अगं, ते जनावर हाय. त्याला कसला उपास?"

"मी देवाला एक जबान दिलीया. मुंगसापायी मोडू? आन् अँड्र्यूला तिकडं काय सांगू, तुज्यापरीस तुजं मुंगूस मोठं झालं म्हनून?"

"मग फादरांना तरी इचार."

"मला कुनाला इचारायचं न्हाई."

ह्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. बाईनं नाही म्हटलं की नाही, हे कृपादानला सव्वीस वर्षं ठाऊक होतं. पण मुकादमालाही जीव होता की! दर शनिवारी मोटारसायकलचा आवाज आला की मुकादम दाराकडं धावायचा आणि अजूनही शनिवारी दाराकडं तोंड करून बसायचा. त्याला असा घसटत मरू द्यायचा?

म्हणून दुसऱ्या दिवसापासून कृपादान खोटं बोलायला लागला. "ह्याला जरा ऊन दावून आनतो," असं म्हणून सकाळी पिशवी उचलायची आणि बाजाराला वळसा घालून कालव्यावर जायचं. वाटेत बन्सी खाटकाचं दुकान. बन्सी पक्का टवाळ.

"काय वाचमनसाहेब, उपवासकाळात काळीज? फादरला सांगू का?"

"तुजं काळीज देतो का, ते सांग. चिमटीएवढं असंल, पन चालंल."

बन्सी हसला, पण पिशवीतलं मुंगूस बघून त्यानं स्वतःच काळजाचा कोवळा कोपरा कापून दिला आणि पुन्हा फादरचं नाव काढलं नाही.

पहिल्या दिवशी मुकादमानं हुंगलं, दोनदा शिंकला आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी भाकरी तेवढी चाटली आणि काळजाचे कण ओठानं बाजूला सारले, पोरं भाजीतला कढीपत्ता सारतात तसे. तिसऱ्या दिवशी कृपादाननं मांसाच्या कणावर दूध चोपडलं आणि ते बोटाच्या टोकावर धरलं. "खा की रं, मुकादमा. तुज्या मालकाची आन हाय तुला." त्यानं बोट चाटलं. थांबला. पुन्हा चाटलं. मग बोटच चावलं! कृपादान एकटाच कालव्यावर मोठ्यानं हसला. पोरगं गेल्यापासून पहिल्यांदा हसला आणि लगेच त्याला रडू आलं.

मग गाडी रुळाला लागली. भाकरी अर्धी झाली, चिमूटभर झाली, संपली. दहाव्या दिवशी मुकादमानं कोंबडीची मान पुढच्या दोन पंजांत धरली, कड्‌कड् हाड फोडलं आणि कृपादाननं हात पुढं केला तर चक्क गुरगुरला. ह्या चिमुरड्याला गुरगुरता येतं, हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतर दोनच दिवसांनी तो कालव्याच्या भरावावर मागच्या पायांवर उभा राहिला. पळभरच, डुलत डुलत, पण उभा राहिला. कृपादानला वाटलं, धावत जावं आणि एलिझाबेथला हाताला धरून इथं आणावं. म्हणावं, बघ. पण काय सांगून आणणार होता?

चोरी उघडी पडली ती मुकादमामुळंच. पोट कच्च्याला सरावलं, तसा तो घरच्या वाटीला तोंड लावेना. एलिझाबेथ वाटी पुढं सरकवायची, तो मागं सरायचा. एका सकाळी तिनं त्याला मांडीवर घेतलं, तोंडाशी नाक नेलं आणि मिशांवरचा वाळका तांबडा डाग अंगठ्यानं पुसला. अंगठा कृपादानच्या पुढं धरला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "कवापास्नं?"

"बारा दिस झालं. पन एलिझा, मागच्या पायावर हुबा ऱ्हायला तो."

"म्हंजे माजा उपास बारा दिसांपास्नं मोडलाय. आन् मी येडी रोज गुडघं टेकून सांगतीया, देवा, घरात कुनी शिवलं न्हाई." तिनं ताटातली भाकरी उचलून टोपल्यात परत ठेवली. "आता मी अन्नच घेत न्हाई. ईस्टरपत्तुर पान्यावर ऱ्हाते. कायतरी भरून काढाया पायजेल."

आणि बाई बोलली तशी वागली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी विहिरीवर तिला भोवळ आली, शेजारच्या आक्काबाईनं धरून घरी आणली. कृपादानचा धीर सुटला. पोरगं गेलं, आता ही पण जाणार? त्यानं भिंतीवरच्या क्रूसावर हात ठेवला आणि शपथ घेतली, ईस्टरपर्यंत मुंगसाला मांस देणार नाही. तेव्हा कुठं तिनं भाकरीचा तुकडा मोडला. ईस्टरला तीन आठवडे होते. बारा दिवसांचं पोटात गेलंय, त्याच्यावर काढील तीन आठवडे, असं त्यानं स्वतःला समजावलं. माणूस स्वतःला काय काय समजावतो!

मुकादमानं पुन्हा दूध-भाकरी मनापासून खाल्ली नाही. भूक अगदीच मारायला लागली की दूध तेवढं चाटायचा. एलिझाबेथनं काय करायचं बाकी ठेवलं? भाकरीला तूप लावलं, गूळ घातला, शेंगदाणे वाटून घातले. "खा रं माज्या राजा, थोडंच दिस ऱ्हायलेत," म्हणत तासन्‌तास वाटी धरून बसायची. कुणी म्हणेल बाईला माया नव्हती, तर त्याच्या तोंडात माती. माया होती, म्हणूनच तर हे सगळं झालं. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी मुकादमाचे मागचे पाय पुन्हा लोळागोळा झाले. बुधवारी पुढचे थरथरायला लागले.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी ती क्रूसाची वाट करायला, क्रूसामागून प्रार्थना म्हणत चालायला, देवळात गेली आणि अर्ध्यातून परत आली. मुकादम अँड्र्यूच्या स्वेटरवर पडला होता, डोळे उघडे, अंगाला झटके. ती त्याच्याशेजारी खाली बसली. मग म्हणाली, "जावा. बन्सीकडनं घिऊन या."

"आज? एलिझा, आज शुक्रवार..."

"जावा म्हनते ना!"

कृपादान पळाला. पन्नाशीचा माणूस, पायात चप्पल नाही. येताना देवळासमोर सगळी मंडळी क्रूसाच्या मागं रस्त्यावर उतरली होती आणि हा त्यांच्या मधून काळजाची पुडी छातीशी धरून, रक्त शर्टाला लागलेलं, तसाच निघाला. सगळ्यांनी बघितलं. बघू देत, त्याला म्हणावंसं वाटलं, सगळ्या जगानं बघू दे.

एलिझाबेथनं विळी घेतली. ज्याला घरात येऊ दिलं नव्हतं ते मांस तिनं स्वतःच्या हातानं चिरलं, दाण्याएवढं बारीक केलं, त्याला दूध चोपडलं. कसं करायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण पहिल्या दिवशी कृपादाननं डॉक्टरांचं बोलणं सांगितलं होतं, ते तिनं शब्द न् शब्द ध्यानात ठेवलं होतं. बोटावर कण घेऊन तिनं मुकादमाच्या तोंडाशी धरला. त्याचं नाक हललं. वास ओळखला त्यानं, जीभही बाहेर आली. पण गिळायचं बळ कुठून आणणार? कण ओठावरच राहिला. थोड्या वेळानं नाक हलायचं थांबलं.

शनिवारी सकाळी फादर आले. कालचं रस्त्यावरचं दृश्य त्यांनीही बघितलं होतंच. अंगणात जांभळीखाली ताजी माती बघून त्यांनी सगळं विचारून घेतलं.

"एलिझाबेथबाई, उपास माणसाचा असतो. मुक्या जीवाला देव उपास घालत नाही. मला एका शब्दानं विचारायचं होतं हो, मी त्याच दिवशी सांगितलं असतं."

"ठावं हुतं मला, फादर," एलिझाबेथ म्हणाली. "तुमी चालंल म्हनला असता. म्हनूनच न्हाई इचारलं. सोपं जे हाय ते दिऊन माजं लेकरू सुटंल, असं मला वाटंना."

फादरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते गेले. कृपादान जांभळीखाली दगड नीट लावत बसला. एलिझाबेथ घरात गेली, कोरलेल्या नावाची ती वाटी राखेनं घासून, धुऊन घेऊन आली आणि त्याच्या शेजारी मातीत बसली.

"अवं," तिनं विचारलं, "तिकडं कालव्यावर... आवडीनं खायचा का?"

"लई आवडीनं. पंजात धरून खायचा. मी हात लावला तर गुरगुरायचा."

"गुरगुरायचा?" तिच्या तोंडावर क्षणभर हसू आलं. "आन् हुबा ऱ्हायला हुता म्हनला, ते?"

"ऱ्हायला हुता. मागच्या पायावर."

तिनं वाटी पोटाशी घट्ट धरली आणि अँड्र्यू गेला त्या दिवसापासून जी बाई एकदाही मोठ्यानं रडली नव्हती, ती आता हंबरडा फोडून रडायला लागली.

"मला एकदा बोलवायचं हुतं हो," ती म्हणत होती. "एकदा तरी दावायचं हुतं."