मजकुरात उल्लेख नाही

तो ठिपका पूर्णविराम होता की पडद्यावर बसलेलं चिलट, हे आधी कळलंच नाही. कौसल्येनं पदराच्या टोकानं लॅपटॉपचा पडदा पुसला, ठिपका जागचा हलला नाही — म्हणजे पूर्णविराम. लेखाचं शीर्षक संपलं की पूर्णविराम, मग नियतकालिकाचं नाव तिरप्या अक्षरात, मग खंड, मग पानं. सगळं जिथल्या तिथं होतं. फक्त ओळीच्या सुरुवातीच्या नावावरून नजर नेहमीसारखी घसरून पुढं गेली, आणि तिनं ती ओढून माघारी आणली. बनगर, चतुरा रखमाजी.

यादी सुनेची होती. शीतल जालन्याला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गायरानांवरच्या गवतांवर तिनं शोधनिबंध लिहिला होता, आणि तो छापून आला तरच तिची बढती व्हायची होती. संदर्भांची यादी लावण्याचं काम मात्र कौसल्येकडं. परतूरच्या मुलींच्या शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलेल्या बाईला ओळीमागून ओळ तपासायचा कंटाळा येत नाही, हे शीतलनं पहिल्याच वर्षी हेरलं होतं. या जर्नलला नुसती आद्याक्षरं चालत नाहीत. आडनाव आणि पुढं सबंध नाव लागतं. त्या नियमापायीच मागच्या महिन्यात, नावं पूर्ण करता करता, ती ओळ एकाएकी समोर आली होती. शीतलनं ती कुठल्याशा जुन्या सूचीतून उचललेली. आष्टीच्या गायरानावरची गवतं, चार पानं, साल एकोणऐंशी.

त्या दिवशी तिनं कुणालाच काही सांगितलं नाही. पण पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना ती ओळ आत दिव्यासारखी जळत राहिली… कुणीतरी कुठंतरी ठेवलंय आपल्याला, असं.

आज सुधारलेला निबंध आला, आणि पाहिलं तर मजकुरातलं ते वाक्यच नव्हतं. जिथं मेंढरं रात्री बसवतात तिथं पवन्या गवत आधी परततं — त्या चार पानांचा हवाला देणारं एवढंच वाक्य. परीक्षकानं शेरा मारला होता: संदर्भ फार जुना, विषयाशी संबंध नाही. शीतलनं वाक्य उडवलं होतं. यादीतली ओळ तशीच राहिली होती. आणि नियम असा, की मजकुरात जिचा उल्लेख नाही तिला यादीत जागा नाही.

संबंध नाही! दादांच्या मेंढरांमागं फिरून, कुसळांनी परकराचा घोळ टोचरा झालेली ती पोर — औरंगाबादहून सुट्टीला आली की जुन्या वर्तमानपत्रात गवतं दाबायची आणि वर गादी टाकून निजायची. ‘माझी लेक गवतावर झोपती,’ दादा चारचौघांत सांगायचे, ‘अन् म्हणे शिकून राह्यली!’ मेंढरांच्या वाड्यावर रात्री त्यांच्या उबेचा वास, घोंगडीच्या लोकरीचा वास… त्या गायरानावर आता सोलारच्या प्लेटा आहेत. मागं बसमधून जाताना पाहिलं, एवढंही हिरवं नव्हतं.

फोन वाजला. शीतलच होती, मागं पोरांचा गलका.

‘आई, झालं का? आज सहाच्या आत टाकायचंय मला. जल्दी करा बरं.’

‘झालंच. एक ओळ ज्यादा राह्यलीय यादीत. मजकुरात न्हाई ती.’

‘कोणती हो?’

कौसल्येनं पडद्यावर बोट ठेवून ओळी मोजल्या. ‘ब मधली. तिसरी.’

‘थांबा, बघते… बनगर, चतुरा. अगंबाई, बनगर म्हणजे तुमच्या माहेरचंच आडनाव की! भावकीतली कुणी होती का?’

एवढं दार उघडं होतं. एक शब्द, एक ‘मीच’ — आणि शीतल मनाची चांगली आहे, ती थांबली असती, ओरडली असती, परीक्षकाशी भांडून ते वाक्य परत घातलं असतं. कीव करून घातलं असतं. आणि निबंध त्याच वाक्यापायी परत आला असता तर?

‘असंल एखादी,’ कौसल्या म्हणाली. ‘बनगर काय, गावोगाव हाईत.’

‘मग काढून टाका. बरं, जेवलात ना?’

‘जेवलो,’ म्हणून तिनं फोन ठेवला. तो सारा वेळ मोठ्या आवाजावर होता. पलंगावर पडलेले तिचे यजमान, त्रिंबकराव, कानावरची टोपी सारून उठून बसले. ‘चतुरा? आमची म्हातारी कुठून आली तुमच्या कागदात?’

‘तुमच्या आईचं न्हाई ते.’

‘न्हाई कसं? आईनं गवतच काढलं की जन्मभर. पीएचडी देऊन टाका तिला!’ ते खो खो हसले, खोकला लागेपर्यंत हसले. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. आता आठवेल. घोट गिळून झाला की आठवेल. तबकातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिणारं बोट त्यांचंच होतं. सासूचं आणि सुनेचं नाव एक कसं चालेल, म्हणून मांडवात उभ्या उभ्या चतुराची कौसल्या झाली. करवल्या हसल्या, पेढे वाटले, तांदूळ कुणीतरी सुपात ओतून नेले.

त्रिंबकरावांनी तांब्या खाली ठेवला. ‘चहा टाकती का?’ म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले.

त्या लेखाची छापील प्रत आली ती लग्नानंतर, आष्टीच्या पत्त्यावर. दादा ती घोंगडीत गुंडाळून परतूरला घेऊन आले होते. ‘चतुराचं नाव छापलंय,’ ते ओसरीवरूनच ओरडले. सासूबाई दळण निवडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, ‘व्याही, चतुरा या घरात एकच हाय, अन् ती मी. द्या हिकडं.’ आणि घेतली. रागानं नाही, थट्टेनंच. आल्यागेल्याला दाखवायच्या, ‘बघा, माझं नाव विंग्रजीत!’ पोरसवदा सून दाराआड हसायची. ती माझी आहे, असं सांगायचं तर नाव घ्यावं लागलं असतं, आणि सासूचं नाव सुनेनं घ्यायचं नसतं. मग प्रत ठेवलेल्या ट्रंकेला वाळवी लागली…

पडद्यावर ती ओळ तशीच होती. कौसल्येनं ती निवडली. ओळ निळी झाली. एक बोट टेकवलं की वरच्या आणि खालच्या ओळी एकमेकींना चिकटणार होत्या, फट दिसणार नव्हती. सहा वाजायला अवकाश होता. त्रिंबकराव घोरायला लागले होते.

सासूबाई जाऊन जमाना झाला. कुणाची भीती होती आता? एकदा तरी नावानं हाक मारावी त्या पोरीला, मग काय ते ठरवू — असं काहीसं वाटलं, आणि लग्नापासून जे तोंडातून कधी निघालं नव्हतं ते तिनं हळूच, आई आष्टीच्या परसातून मारायची तशा हेलात म्हणून बघितलं.

‘चतुरे…’

आवाज निघाला. ती वाट बघत राहिली. गायरानावरून कुणी मान वर करील, परकर सावरत ‘ओ’ देत येईल, म्हणून आत, खूप आत कान लावून बसली. तिथं कुणीच हललं नाही. त्या पोरीचा चेहरासुद्धा धड दिसेना. दिसली ती दळण निवडणारी सासू. आणि कौसल्येच्या ध्यानात आलं, की ते नाव कानावर पडताच आपला हात आपोआप वर गेलाय आणि डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढून घेतलाय.

पदर तसाच धरून ती त्या निळ्या ओळीसमोर बसून राहिली — परक्या घरी, कुणा थोर माणसासमोर बसावं तशी, अंग चोरून.