डोळा टिकत नाही

लिफ्टमध्ये शिरण्याआधी तिने सादरीकरणातून कारखान्यातल्या मावशींचा फोटो काढून टाकला. बाकावर आडव्या झालेल्या मावशी, तोंडावर ओला रुमाल. फोटो फार बोलका होता, म्हणूनच नको होता.

काचेच्या बाटल्यांच्या त्या कारखान्यात ती मनुष्यबळ विभागाची प्रमुख. आल्यापासून तिने साहेबांसमोर माणसांची गाऱ्हाणी मांडली होती, आणि ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी ठरलं होतं. शेवटी तिने आधीच्या, निवृत्त झालेल्या प्रमुखांना फोन लावला. ते हसले. साहेबांकडे माणसं न्यायची नाहीत, तोटा न्यायचा, म्हणाले.

म्हणून आज ती तोटा घेऊन चालली होती. तपासणीच्या बायका भट्टीच्या धगीत बसून, उजेडासमोरून सरकणाऱ्या बाटल्यांमधल्या चिरा शोधत. पाळीभर नजर हलवायची सोय नाही. त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशी एकाच आठवड्यात दोनदा चक्कर येऊन पडल्या. बायकांचं मागणं एवढंसं होतं: दर तासाला जरा उठायला मिळावं, आणि बदलीला चार जणी जास्त मिळाव्यात. करून घेते, असा शब्द तिने मावशींना दिला होता.

साहेबांच्या खोलीत ती मोजकंच बोलली. पहिला तास सरला की चीर गेलेल्या बाटल्या नजरेतून कशा निसटतात, मग गिऱ्हाइकाकडून अख्खी गाडी कशी परत येते. साहेबांनी हातातला फोन बाजूला ठेवला. असं आजवर कधी झालं नव्हतं. तिला इतका आनंद झाला की स्वतःचीच लाज वाटली.

"म्हणजे तासाभरानंतर डोळा टिकत नाही," साहेब म्हणाले.

"नाही टिकत, सर. कोणाचाच नाही."

"हे मला असं कुणी सांगितलंच नव्हतं."

ती बदलीच्या बायकांचं पान उघडणार, तोवर साहेब शेजारी बसलेल्या अर्थविभागाच्या प्रमुखांकडे वळले होते. कॅमेऱ्याने तपासणी करणारं यंत्र गेल्या वर्षी महाग म्हणून नाकारलं होतं, ते आता कसं पडेल, असं त्यांनी विचारलं. परत आलेल्या मालाशेजारी ठेवलं तर स्वस्तच, असं उत्तर आलं. बाकडीही नकोत, पाळ्याही नकोत; सुंठीवाचून खोकला गेला, म्हणत अर्थप्रमुख हसले.

"सर, पण त्या बायका..."

"त्यांचंही सुटलंच की. त्या धगीत कशाला बसायचं?" साहेब अगदी मायेने बोलले. "आणि तुम्ही आज फार छान मांडलंत."

ती जिन्याने खाली आली. भट्टीजवळ पोचताच चेहऱ्याला धग लागली. मावशी जागेवरच होत्या, नजर समोरच्या बाटल्यांवर. पावलांवरून त्यांनी तिला ओळखलं.

"पटलं का हो मॅडम, साहेबांना?"

"पटलं."

मावशींनी शेजारणीला कोपराने ढोसलं. आपल्या मॅडम बोलल्या की काम होतं, हे त्या सकाळपासून सगळ्यांना सांगत होत्या. नजर जराही न हलवता त्यांनी एक तडकलेली बाटली उचलली आणि खालच्या पिंपात टाकली.

"मग," त्यांनी विचारलं, "कधीपासून?"